ड्रॉ डायच्या रेडियसवर लेझरने खळगे पाडावेत का?

प्रश्न असा आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका लहान प्रेस शॉपमध्ये १.२ मिमी जाडीच्या ईडीडी (खोल ओढकामासाठीच्या मऊ पोलादी) पत्र्यापासून दुचाकीचे एक खोल कव्हर हायड्रॉलिक प्रेसवर ओढले जाते. डाय, म्हणजे पत्रा ज्यात ओढला जातो तो साचा, डी-२ या हत्यारी पोलादाची, ६० एचआरसीपर्यंत (रॉकवेल कडकपणाचे माप) कडक केलेली आहे; आणि पत्रा ज्या गोल कडेवरून आत वळतो तो ड्रॉ रेडियस ८ मिमी आहे. काही शेकडा नग निघाले की कव्हरच्या बाहेरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसू लागतात. मग काम थांबवून डायला एमरी आणि डायमंड पेस्ट लावावी लागते, आणि हे जवळजवळ प्रत्येक शिफ्टला घडते. शेजारच्या युनिटमध्ये नगांवर क्रमांक कोरण्याचे २० वॉटचे फायबर लेझर यंत्र आहे. त्याने रेडियसवर बारीक खळगे पाडले तर घर्षण आणि झीज कमी होईल का, खळगे किती खोल आणि किती दाट असावेत, आणि कोटिंग आधी करावे की नंतर, असे विचारणाऱ्याने विचारले आहे.

फायदा होऊ शकतो. पण या कामात खळग्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, महत्त्व दोन खळग्यांमध्ये उरणाऱ्या सपाट भागाच्या फिनिशला असते. ज्या डायला आज रोज एमरी लावावी लागते, तिच्यावर ती सवय न बदलता लेझर चालवला, तर केलेला खर्च पहिल्या आठवड्यातच घासून निघून जाईल. त्यामुळे खळग्यांची मापे सांगण्याआधी ओरखडे नेमके कशामुळे पडतात हे ठरवणे आवश्यक आहे.

दहापट भिंगातून डायचा रेडियस पाहावा. त्यावर पत्र्याच्याच धातूचे चकचकीत, ताणलेले कण चिकटलेले दिसत असतील तर ते गॉलिंग आहे. आपल्याकडचे कामगार यालाच ‘डाय पकडते’ असे म्हणतात. उलट डायच्याच अंगात बारीक चरे कापले गेले असतील आणि चिकटलेले काही नसेल, तर बाहेरून येणारा कठीण कण दोषी आहे. तो कण बहुतेक वेळा ब्लँकच्या (ओढण्यासाठी कापलेल्या पत्र्याच्या) कडेच्या बरचा, म्हणजे कापताना उरलेल्या धारदार किनारीचा, तुकडा असतो. ब्लँकिंग डायची धार गेली की बर वाढतो, आणि ब्लँक ठेवताना बरची बाजू ड्रॉ डायकडे आली की तो तुटून रेडियसवर घासत जातो. ब्लँक उलटा ठेवून पन्नासएक नग काढून पाहिले तरी याचा उलगडा होतो. तिसरी शक्यता अंतराची आहे. ओढताना फ्लँजची, म्हणजे अजून आत न गेलेल्या पत्र्याची, बाहेरची कड जाड होते. ती जाडी आत येताना पंच (पत्रा आत ढकलणारा भाग) आणि डाय यांच्यातील अंतर कमी पडले, तर भिंत नकळत आयर्न होते, म्हणजे दाबून पातळ केली जाते. ओरखडे नेहमी एकाच कोपऱ्यात पडत असतील तर आधी तेथील अंतर आणि कुशन पिनांच्या (पत्रा कडेने दाबून धरणाऱ्या ब्लँक होल्डरला आधार देणाऱ्या पिनांच्या) उंचीतील फरक तपासावा. बर, अंतर आणि पिना यांवर लेझरचा इलाज नाही. खालचे सर्व विवेचन पहिल्या कारणासाठी, म्हणजे गॉलिंगसाठी आहे.

खळग्यांनी घर्षण कमी होते ही कल्पना जुनी आहे. पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचसखलपणामुळे वंगणात दाब निर्माण होऊ शकतो, हा सिद्धांत हॅमिल्टन, वॉलोविट आणि ॲलन यांनी १९६६ मध्ये मांडला. लेझरने ठरावीक मापाचे खळगे पाडून त्याला व्यवहारात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेच्या इझाक एत्सिऑन यांना दिले जाते. १९९० च्या दशकात त्यांनी यांत्रिक सीलच्या (फिरत्या दांड्याजवळची गळती रोखणाऱ्या भागाच्या) पृष्ठभागांवर हे काम केले. इंजिनाच्या सिलिंडरवर प्लॅटो होनिंग करून तिरक्या रेषांत तेल धरून ठेवणे हा याच विचाराचा अधिक ओळखीचा प्रकार आहे. मात्र सील आणि सिलिंडर यांचे निष्कर्ष जसेच्या तसे प्रेसच्या डायवर लावणे ही या विषयातील सर्वांत मोठी गफलत आहे, आणि यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत ती सर्रास आढळते.

सीलमध्ये सरकण्याचा वेग मोठा आणि दाब कमी असतो. प्रत्येक खळगा एका छोट्या बेअरिंगसारखा वागतो आणि तेलाचा थर दोन्ही पृष्ठभागांना अलग उचलून धरतो. हायड्रॉलिक प्रेसमध्ये पत्रा सेकंदाला काही दहा मिलिमीटर इतक्याच वेगाने सरकतो, तर रेडियसवरचा दाब ब्लँक होल्डरच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. अशा स्थितीत वंगण सीमा किंवा मिश्र अवस्थेत असते, म्हणजे दोन्ही धातूंची टोके अनेक ठिकाणी एकमेकांना टेकलेलीच असतात. तेथे खळग्याचे काम वेगळे असते. पत्रा खळग्यावर येऊन दाबला गेला की आतले तेल कोंडले जाते. तेल जवळजवळ दबत नसल्याने ते भाराचा काही वाटा उचलते, आणि सरकत्या पत्र्याबरोबर खळग्याच्या कडेवरून झिरपून पुढच्या सपाटीवर पसरते. पत्रा घडवण्याच्या शास्त्रात याला सूक्ष्म-प्लास्टो-हायड्रोडायनॅमिक वंगण म्हणतात. दुसरे काम तितकेच मोलाचे आहे: पत्र्यापासून सुटलेला पहिला कण खळग्यात पडला तर तो पुढच्या नगावर घासला जात नाही. गॉलिंग एका कणापासून सुरू होऊन वाढत जाते, म्हणून ही साखळी लवकर तुटण्याला फार महत्त्व आहे.

येथे एक हिशेब मांडणे उपयोगाचे ठरेल, कारण ‘खळगे म्हणजे तेलाची टाकी’ ही समजूत त्याने दुरुस्त होते. ८० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे आणि ५ मायक्रॉन खोलीचे, बशीसारखे उथळ खळगे पृष्ठभागाच्या १० टक्के भागावर पाडले, तर त्यांत मावणारे एकूण तेल संपूर्ण पृष्ठभागावर पसरल्यास केवळ पाव मायक्रॉनचा थर होतो. पत्र्यावर प्रति चौरस मीटर एक ग्रॅम तेल लावले असेल तर त्याचाच थर सुमारे १.१ मायक्रॉनचा असतो. म्हणजे खळगे पत्र्याने आणलेल्या तेलाच्या चौथ्या भागाइतकेच तेल साठवतात. त्यांचे महत्त्व साठ्यात नाही; दाबामुळे इतर ठिकाणचे तेल पिळून निघाल्यावरही नेमक्या जागी थोडे तेल अडकून राहते, यात आहे. म्हणून पत्र्यावर तेलच अपुरे किंवा ठिपक्याठिपक्यांनी लागत असेल तर खळगे कोरडेच राहतील, आणि कोरडा खळगा म्हणजे रेडियसवर धातू खरवडणारी कड. ती डायला मदत करण्याऐवजी नुकसानच करील.

जात्याला टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने त्याचा दगड खडबडीत करतात, तेव्हा दगडाची पकड वाढावी आणि दाणा चिरडला जावा हाच हेतू असतो. डायवरील खळगा थोडा जास्त खोल, थोडा जास्त रुंद किंवा तीक्ष्ण कडेचा झाला की तोही तेच काम करू लागतो. मऊ ईडीडी पत्रा दाबाखाली रुंद खळग्यात किंचित खाली वाकतो आणि पुढच्या कडेवर आदळताना त्याचा पापुद्रा निघतो. त्यामुळे या कामासाठी व्यास ८० ते १०० मायक्रॉनच्या वर जाऊ देऊ नये, आणि खळग्याची भिंत उभी नसून हळूहळू वर येणारी असावी. ८० मायक्रॉनचा खळगा ८ मायक्रॉन खोल केला तर त्याच्या कडेचा उतार २० अंशांच्या आसपास होतो. ५ मायक्रॉनवर तो १४ अंशांवर येतो. उतार जितका सौम्य, तितके तेल कडेवरून ओढले जाणे सोपे. शक्य असेल तर खळगा पत्रा सरकण्याच्या दिशेने थोडा लांबट करावा, म्हणजे रुंदी न वाढवता उतार आणखी कमी होतो.

उथळपणाचा तोटाही स्पष्ट आहे. ५ मायक्रॉनचा खळगा पृष्ठभाग ५ मायक्रॉन झिजला की नाहीसा होतो, आणि हाताने जोर लावून एमरी फिरवली तर तेवढा धातू दोन-तीन वेळांतच जातो. म्हणून लेझर केल्यानंतर त्या भागावर एमरीला पूर्ण बंदी असावी. चिकटलेला धातू काढायचाच असेल तर फेल्ट आणि बारीक डायमंड पेस्टने, पत्रा सरकतो त्याच दिशेने, हलक्या हाताने काढावा. ही शिस्त तिन्ही शिफ्टच्या सेटरकडून पाळली जाईल याची खात्री नसेल, तर लेझरचा विचार थोडा पुढे ढकललेला बरा. आपल्या भागातील अनेक शॉपमध्ये डायची झीज प्रेसमुळे कमी आणि पॉलिशमुळे जास्त होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

खळगे एकमेकांपासून सुटे असावेत, एका ओळीतील खळग्याच्या मागे पुढच्या ओळीचा खळगा न येता ते आडवेतिडवे सरकवलेले असावेत, आणि त्यांनी व्यापलेले क्षेत्र १० टक्क्यांच्या आसपास असावे. २० टक्क्यांच्या पुढे गेल्यास उरलेल्या सपाटीवरचा दाब वाढतो आणि झीज वाढू लागते. सरकण्याच्या दिशेने लांब चर पाडणे टाळावे, कारण त्यांतून तेल दाबासकट बाहेर पळून जाते. आडवे उथळ चर चालतात, पण ते डायच्या टोकापर्यंत उघडे नेऊ नयेत. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठात नील्स बाय यांच्या गटाने पट्टी ओढण्याच्या चाचण्यांत असे आडवे उथळ चर आणि त्यांच्यामध्ये आरशासारखी पॉलिश केलेली सपाटी, अशी रचना अभ्यासली आहे. चरांमधील अंतर आणि तेलाचा दाटपणा जुळला तरच लाभ मिळतो, हे त्या कामातून दिसते.

तेलाच्या दाटपणाचा मुद्दा मराठवाड्यात विशेष महत्त्वाचा आहे. आयएसओ व्हीजी १०० चे तेल ४० अंश सेल्सिअसला १०० सेंटिस्टोक्स (दाटपणाचे एकक) असते, ही त्याची व्याख्याच आहे. तेच साधे खनिज तेल २० अंशांना त्याच्या सुमारे तिप्पट दाट असते, आणि ६० अंशांना निम्म्याहूनही पातळ होते. वाळूज किंवा शेंद्र्यातील पत्र्याच्या शेडमध्ये डिसेंबरच्या सकाळचे आणि मे महिन्याच्या दुपारचे तापमान पाहिले, आणि सतत चालणाऱ्या डायची स्वतःची उष्णता त्यात मिळवली, तर वर्षभर एकच तेल वापरणे म्हणजे प्रत्यक्षात दोन-तीन वेगवेगळी तेले वापरण्यासारखे आहे. जानेवारीत यशस्वी झालेली चाचणी मेमध्ये फसली तर लेझरला दोष देण्याआधी तेल पाहावे. उन्हाळ्यात एक श्रेणी दाट तेल घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. सोल्युबल ऑइल, म्हणजे पाण्यात मिसळायचे तेल, वापरत असाल तर पाण्याकडेही लक्ष हवे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात इमल्शन (तेल-पाण्याचे मिश्रण) फुटते, साबणासारखा चिकट गाळ तयार होतो आणि तो नेमका खळग्यांत बसतो. शेडची दारे उघडी असतील तर मार्च ते जूनमधली धूळ त्यात मिसळते. अशा ठिकाणी खळग्यांचा पृष्ठभाग दर शिफ्टला तेलात भिजवलेल्या कापडाने पुसणे सक्तीचे करावे, आणि इमल्शन शक्यतो आरओच्या किंवा मृदू केलेल्या पाण्यात तयार करावे.

आता शेजारच्या मार्किंग यंत्राबद्दल. २० वॉटचा फायबर लेझर २० किलोहर्ट्झवर चालवला तर प्रत्येक पल्समध्ये (किरणाच्या एका झटक्यात) सुमारे एक मिलिज्यूल ऊर्जा येते, आणि साधारण १६० मिमीच्या भिंगाने ठिपका ४० ते ५० मायक्रॉनचा पडतो. खळगे पाडायला हे पुरेसे आहे. ८० मायक्रॉनच्या खळग्यासाठी ठिपका बारीक वर्तुळात फिरवावा लागतो. १० टक्के क्षेत्रासाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन हजार खळगे लागतात. तुमच्या डायचा परिघ ६०० मिमी धरला, तर ८ मिमी रेडियसचा कंस साडेबारा मिमीचा आणि क्षेत्रफळ ७५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे दीड लाख खळगे. आकडा मोठा वाटला तरी लेझरचा प्रत्यक्ष वेळ मिनिटांतच मोजावा लागतो. खरा वेळ डाय बांधणे, फोकस साधणे आणि नंतरची सफाई यांतच जातो.

अडचण पल्सच्या लांबीची आहे. साध्या मार्किंग यंत्राचा पल्स सुमारे १०० नॅनोसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात उष्णता पोलादात एक-दोन मायक्रॉन आत शिरते, धातू वितळतो आणि वाफेच्या दाबाने कडेला फेकला जाऊन खळग्याभोवती कडे, म्हणजे धातूची उंच गोल किनार, तयार करतो. हे कडे काही मायक्रॉन उंच, कडक आणि ठिसूळ असते, कारण वितळून झटकन थंड झालेल्या डी-२ मध्ये टेम्पर न झालेले (पुन्हा तापवून ठिसूळपणा न घालवलेले) मार्टेन्साइट आणि उरलेले ऑस्टेनाइट या पोलादाच्या दोन अंतर्गत रचनांचे मिश्रण असते. डी-२ मधील मोठे क्रोमियम कार्बाइडचे कण भोवतालच्या पोलादासारखे वितळत नाहीत, म्हणून खळग्याचा तळही खडबडीत राहतो. पिकोसेकंद किंवा फेम्टोसेकंद लेझरमध्ये उष्णता मायक्रॉनच्या फार लहान भागापलीकडे पोचत नाही, धातू वितळण्याआधीच उडून जातो आणि कडे जवळजवळ राहत नाही. साहजिकच ते यंत्र महाग असते आणि काम हळू होते. मार्किंग यंत्राने काम करायचे असेल तर त्या कड्याची काळजी घेणे हा संपूर्ण प्रक्रियेचा गाभा आहे. कडे न काढता डाय प्रेसवर चढवली तर पहिल्या काही नगांतच पत्र्यावर इतके ओरखडे पडतील की पूर्वीची डाय बरी होती असे वाटेल.

म्हणून क्रम असा ठेवावा. डाय कडक करून, टेम्पर करून, ग्राइंड करून आधी रेडियस ०.१ मायक्रॉन आरएपेक्षा (आरए म्हणजे खडबडीतपणाची सरासरी) चांगला पॉलिश करावा, आणि शेवटचे पॉलिश पत्रा सरकण्याच्या दिशेने असावे. मग लेझर करावा. नंतर सपाट कठीण पाठ असलेल्या बारीक ऑइल स्टोनने आणि डायमंड पेस्टने फक्त कडे काढावे. मऊ कापड वापरल्यास ते खळग्यात शिरून त्याची कड चुकीच्या ठिकाणी गोल करते आणि कडे तसेच राहते. काम झाले की नाही हे आरए सांगत नाही, कारण खळगे असलेल्या पृष्ठभागाचा आरए आपोआप वाढतो. रफनेस टेस्टरवर आरपीके आणि आरव्हीके ही दोन मापे पाहावीत. आरपीके सपाटीच्या वर उरलेली टोके दाखवते, ते लेझरपूर्वीच्या पातळीवर परत आले पाहिजे; आरव्हीके दऱ्यांची खोली दाखवते, ते टिकले पाहिजे. हातात धरण्याच्या अनेक टेस्टरवर ही मापे उपलब्ध असतात. तुमच्याकडे नसेल तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी चौकशी करावी.

वक्र रेडियसवर फोकस साधणे हे दुसरे कठीण काम आहे. फोकस सुमारे एक मिलिमीटर वरखाली चालतो, त्यापलीकडे खळग्याचा व्यास आणि खोली दोन्ही बदलतात. ८ मिमीच्या रेडियसवर एकाच सेटिंगमध्ये संपूर्ण कंस करता येत नाही. डाय तीन-चार कोनांत वाकवून, प्रत्येक वेळी अरुंद पट्टा करून पुढे सरकावे, आणि दोन पट्ट्यांच्या सीमेवर खळगे एकमेकांवर पडणार नाहीत इतके अंतर सोडावे. किरण फार तिरका पडला तर खळगा एका बाजूला कलतो आणि कड्याचा मोठा भाग एकाच दिशेला जमतो. डाय इन्सर्टमध्ये, म्हणजे बसवायच्या सुट्या तुकड्यांत, बनवलेली असेल तर काम बरेच सोपे होते.

संपूर्ण डायवर खळगे पाडण्याची गरज नसते, काही ठिकाणी ते अपायकारकच असतात. पंचाच्या नाकावर आणि भिंतीवर घर्षण असलेले चांगले, कारण तेच घर्षण पत्र्याच्या भिंतीवरचा ताण कमी करते आणि तळाजवळ पत्रा फाटण्यापासून वाचवते. पंचाला म्हणून हात लावू नये. डायच्या रेडियसवर दाब एकसारखा नसतो. पत्रा जेथे रेडियसवर चढतो आणि जेथे सोडतो तेथे त्याची दोन शिखरे असतात. माझा कल चढण्याच्या जागेच्या थोडे आधीपासून, म्हणजे डायच्या सपाट तोंडावर आठ-दहा मिलिमीटर, सुरुवात करून रेडियसच्या मध्याच्या थोडे पुढे थांबण्याकडे असतो. तेल शिरण्याचे ठिकाण आधी येते आणि पत्रा सोडण्याची कड गुळगुळीत राहते. ब्लँक होल्डरवरही खळगे पाडले तर कुशनचा दाब नव्याने ठरवावा लागेल, कारण घर्षण कमी झाले की पत्रा सैल सरकतो आणि फ्लँजवर सुरकुत्या येऊ शकतात. एकावेळी एकच गोष्ट बदलावी आणि आधी फक्त डायवर काम करावे.

कोटिंगबद्दल. सर्वसाधारणपणे आधी खळगे, मग कोटिंग. पीव्हीडी (निर्वातात धातूच्या वाफेचा थर बसवण्याच्या) पद्धतीचा टायटेनियम नायट्राइड किंवा ॲल्युमिनियम क्रोमियम नायट्राइडचा थर दोन ते चार मायक्रॉनचा असतो आणि तो खळग्याच्या आकाराला धरून बसतो. त्याआधी वितळलेला थर, ऑक्साइड आणि पेस्टचे अवशेष अल्ट्रासॉनिक स्नानाने पूर्ण निघाले पाहिजेत, नाहीतर थर खळग्याच्या कडेवरून पापुद्र्यासारखा सुटतो. डाय पूर्वी कशी टेम्पर केली होती हे हीट ट्रीटमेंटवाल्याला विचारावे. डी-२ सुमारे ५०० ते ५२० अंशांवर टेम्पर केलेले असेल तर पीव्हीडीचे तापमान त्याला मानवते. २०० अंशांच्या आसपास टेम्पर केले असेल तर कोटिंगच्या भट्टीत कडकपणा उतरतो आणि माप बदलते. आधी कोटिंग करून नंतर नॅनोसेकंद लेझर चालवणे मी सुचवणार नाही. थराला चिरा जातात आणि खळग्याच्या तळाशी उघडे पोलाद राहते. खर्चाचा प्रश्न असेल आणि दोहोंपैकी एकच निवडायचे असेल, तर तुमच्या कामासाठी मी उत्तम पॉलिशवर चांगले कोटिंग निवडेन, आणि खळगे त्यानंतरची पायरी मानेन.

लाभ किती, याबद्दल अपेक्षा माफक असाव्यात. रेडियसवर पत्रा ९० अंश वळतो तेव्हा घर्षणामुळे ओढण्याचे बल ज्या पटीत वाढते, तो गुणक खांबाभोवती गुंडाळलेल्या दोराच्या घर्षणाच्या सूत्राने काढता येतो. घर्षण गुणांक ०.१२ असेल तर बल सुमारे २१ टक्क्यांनी वाढते, ०.०८ असेल तर सुमारे १३ टक्क्यांनी. म्हणजे घर्षण एक-तृतीयांशाने कमी होऊनही बलात घट सहा टक्क्यांचीच होते. प्रेसच्या गेजवर ती कदाचित जाणवणारही नाही. खरा लाभ दोन पॉलिशमध्ये निघणाऱ्या नगांच्या संख्येत दिसतो, म्हणून तीच मोजावी. शीत फोर्जिंगमध्ये, जेथे दाब शीट मेटलच्या कितीतरी पट असतो, तेथेही खळगे पाडलेल्या पंचांचे आयुष्य वाढल्याचे काम जर्मनीतील एर्लांगेन येथे झाले आहे. पण तेथे खळगा ताणाखालील भागावर आला तर तो तड्याची सुरुवातही ठरू शकतो, म्हणून जागा फार विचारपूर्वक निवडावी लागते.

पत्रा बदलला की हिशेब बदलतो. जस्त लावलेल्या पत्र्यावरून जस्ताची भुकटी सुटते आणि खळगे बुजवते. ॲल्युमिनियम पोलादाला इतके सहज चिकटते की तेल जरा कमी पडले तरी खळग्याची कड चिकटण्याची पहिली जागा होते. तेथे डीएलसीचा (हिऱ्यासारख्या कार्बनचा) गुळगुळीत थर अधिक भरवशाचा. ३०४ स्टेनलेससाठी उघड्या डी-२ वर खळगे पाडून फारसे काही साधणार नाही, तेथे ॲल्युमिनियम ब्राँझचे इन्सर्ट किंवा टीडी प्रक्रियेने (वितळलेल्या क्षारात बुडवून) बसवलेला व्हॅनेडियम कार्बाइडचा थर पाहावा.

जालन्याच्या रोलिंग मिलमधील रोलांना हे लागू आहे का, हाही प्रश्न अधूनमधून कानावर येतो. गरम सळई ओढून घेण्यासाठी रोलला घर्षण हवेच असते, आणि त्या रोलची झीज स्केल (गरम पोलादावरील ऑक्साइडची खपली) आणि गरम-थंड होण्याने पडणाऱ्या तड्यांमुळे होते; अशा सूक्ष्म खळग्यांचा तेथे उपयोग नाही. कोल्ड रोलिंगच्या शेवटच्या पासमध्ये मात्र रोलवर मुद्दाम पोत दिलेला असतो. तो पूर्वी बेल्जियममध्ये विकसित झालेल्या लेझर पद्धतीनेही दिला जाई, आता बहुतेक ठिकाणी विद्युत ठिणगीने दिला जातो, आणि तोच पत्र्यावर उमटतो. म्हणजे तुमच्या ईडीडी पत्र्यावर तेल धरणारे खळगे आधीच असू शकतात. मिलकडून येणाऱ्या पत्र्याचा आरए लॉटनुसार बदलत असेल तर तो लॉट क्रमांकासह लिहून ठेवावा. डायवरचे प्रयोग वेगवेगळ्या लॉटवर केले तर निष्कर्ष एकमेकांशी जुळणार नाहीत.

चाचणी करताना संपूर्ण डाय पणाला लावू नये. तुमचे कव्हर दोन्ही बाजूंनी सारखे असेल तर एका बाजूच्या रेडियसवर खळगे पाडून दुसरी बाजू तितकीच चांगली पॉलिश केलेली ठेवावी. त्याच पत्र्याच्या लॉटवर, त्याच तेलावर दोन्ही बाजूंना पहिला ओरखडा कोणत्या नगावर दिसतो ते नोंदवावे, आणि ही नोंद उन्हाळ्यात तसेच हिवाळ्यात दोन्ही वेळा करावी. लेझर चालवताना १०६४ नॅनोमीटरसाठीचा चष्मा सर्वांनी घालावा, कारण हा किरण दिसत नाही आणि पॉलिश केलेल्या डायवरून परावर्तित होतो. धूर ओढणारा पंखा लावावा, कारण त्या धुरात क्रोमियम असते. पॉलिश केलेल्या बाजूनेही आता पूर्वीच्या कितीतरी पट नग दिले, आणि खळग्यांच्या बाजूने त्याहून थोडेच जास्त दिले, तर तुमच्या डायला लेझरची गरज नव्हती, एमरी थांबवण्याची होती. दोन्ही बाजूंत मोठा फरक पडला तरच पुढच्या डायसाठी पिकोसेकंद लेझरची किंमत मागवावी.